‘९७ टक्के’ रोखणारी फिल्म आणि तडकलेली काच: इंदूरच्या एका पश्चिम खिडकीचं प्रकरण

इंदूरच्या लोकमान्य नगरातली चार मजली इमारत, तिसरा मजला. हॉलला पश्चिमेकडे तीन ट्रॅकची सरकती ॲल्युमिनियम खिडकी, चौकट आठ फूट बाय पाच फूट. दोन पल्ले काचेचे, एक जाळीचा. काच ५ मिलिमीटरची, साधी, बिनरंगाची. प्रत्येक काच ४६ बाय ५४ इंच, दोन्ही मिळून साडेचौतीस चौरस फूट, म्हणजे ३.२ चौरस मीटर. वर दोन फुटी छज्जा. आत जाड पडदा, त्याचा दांडा काचेपासून जेमतेम दोन बोटं. घरात काका-काकू दोघंच.

फेब्रुवारीत दोन्ही काचांना ‘नॅनो सिरॅमिक’ म्हणून विकलेली, उन्हाची उष्णता अडवायची पातळ फिल्म आतून चिकटवली. एप्रिलमध्ये तक्रारी तीन. दुपारी चारनंतर हॉल तापतोच. काचेला हात लाववत नाही, पूर्वी अशी तापत नव्हती. आणि डाव्या काचेला वरच्या कडेपासून तडा गेला. फिल्म लावणाऱ्याचं म्हणणं होतं की फिल्म ९७ टक्के उष्णता रोखते, तडा बाहेरून दगड लागून गेला असेल.

तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे आणि ते फिल्मच्या माहितीपत्रकातच छापलेलं होतं. फक्त विकताना दाखवली त्या ओळीत नव्हे, तिच्या खाली.

आधी विक्रीच्या वेळचा दिव्याचा खेळ, कारण फसगत तिथून सुरू होते. छोट्या स्टँडमध्ये काचेचा तुकडा, मागे २५० वॉटचा तांबडा हीट लॅम्प. ‘काकू, इथे हात धरा.’ साधी काच असताना हाताला चटका जाणवतो. फिल्मची काच सरकवली की एकदम गार. दहा सेकंदांत सौदा पटतो. पण हीट लॅम्प म्हणजे सूर्य नव्हे. त्याच्या ऊर्जेत दिसणारा प्रकाश थोडा आणि अवरक्त जवळजवळ सगळी. सूर्याच्या ऊर्जेत मात्र साधारण ३ टक्के अतिनील, ४४ टक्के दिसणारा प्रकाश आणि ५३ टक्के अवरक्त असते. दिसणारा प्रकाशही भिंतीवर, सोफ्यावर, फरशीवर पडून उष्णताच होतो. दुसरं असं की दहा सेकंदांत फिल्म फक्त उष्णता पिते. प्यायलेली उष्णता काच तापवून आतल्या बाजूला बाहेर पडायला काही मिनिटं लागतात. तोच दिवा पाच मिनिटं चालू ठेवून काचेच्या आतल्या अंगाला हात लावला असता, तर एप्रिलमधली तक्रार फेब्रुवारीतच समजली असती.

आता माहितीपत्रक. त्यात ‘आयआर रिजेक्शन ९७ टक्के’, म्हणजे एवढं अवरक्त अडतं, हे मोठ्या अक्षरांत आणि खाली बारीक आकड्यांचा तक्ता. लावलेल्या फिल्मचे आकडे असे: दिसणारा प्रकाश आरपार, म्हणजे व्हीएलटी, ५०. एकूण सौर ऊर्जा आरपार ३४, परावर्तन ७, शोषण ५९. या तिघांची बेरीज नेहमी १०० येते. येत नसेल तर तक्ता कुणीतरी हातानं जुळवलाय असं समजावं. त्याच्या खाली टीएसईआर, म्हणजे एकूण अडलेली सौर ऊर्जा, ५० आणि एसएचजीसी, म्हणजे एकूण आत आलेला वाटा, ०.५०.

९७ आणि ५० एकाच कागदावर कसे? ‘आयआर रिजेक्शन’ मोजायची सगळ्यांनी पाळावी अशी एकच पद्धत नाही. कुणी ७८० ते २५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अख्ख्या अवरक्त पट्ट्याची सरासरी देतो, तर कुणी ९०० ते १००० एवढ्या चिंचोळ्या पट्टीतला, फिल्मला सगळ्यात सोयीचा आकडा छापतो. शिवाय बहुतेक वेळा तो फक्त ‘आरपार गेली नाही’ एवढंच सांगतो. शोषून मग आत सोडली, ती त्यात धरलेली नसते. हे कागदावरच तपासता येतं. व्हीएलटी ५० म्हणजे दिसणाऱ्या ४४ पैकी २२ आत. अवरक्तातले ९७ टक्के खरंच अडले असते तर ५३ पैकी जेमतेम दीड आत. बेरीज साडेतेवीस, फार तर २४. पण तक्ता म्हणतो ३४. वरचे दहा-बारा कुठून आले? अवरक्तातूनच. म्हणजे त्या फिल्ममधून अख्ख्या पट्ट्यातलं वीस-बावीस टक्के अवरक्त सरळ आत येतंय. कुणाशी वाद न घालता एवढा हिशेब तिथल्या तिथे, बिलाच्या पाठीवर करून दाखवता येतो.

घरात किती उष्णता येते ते ठरवणारा आकडा एसएचजीसी. खिडकीवर पडलेल्या सौर ऊर्जेपैकी सगळं मिळून किती आत आलं, ते तो सांगतो: जे सरळ आलं ते, आणि काचेनं शोषून मग आत सोडलं तेही. टीएसईआर ही त्याचीच उलटी बाजू, १ मधून एसएचजीसी वजा. शोषलेल्यापैकी साधारण २७ टक्के आत आणि ७३ टक्के बाहेर जातं असं धरून हे आकडे काढतात. म्हणून टीएसईआर = परावर्तन + ०.७३ × शोषण. इथे ७ + ४३ = ५०. जुळलं. जुन्या पत्रकांत ‘शेडिंग कोइफिशंट’ असतो. त्याला ०.८७ नं गुणलं की एसएचजीसी मिळतो.

आणि ५० टक्के टीएसईआर म्हणजे उष्णता निम्मी झाली असंही नाही. नुसती ५ मिलिमीटरची काचही १६ टक्के अडवतेच, तिचा एसएचजीसी साधारण ०.८४. तो ०.८४ वरून ०.५० वर आला, म्हणजे घट ४० टक्क्यांची. पत्रकाचा पाया कुठल्या काचेचा आहे, तेही वाचायचं: ३ मिलिमीटर की ६. एकाचा ३ आणि दुसऱ्याचा ६ असेल तर तुलनेत एक-दोन अंकांचा फरक फुकटचा येतो. काच रंगीत किंवा दुहेरी असेल तर पत्रकातले आकडे तिला लागूच पडत नाहीत.

२७-७३ च्या वाटणीबद्दल एक गोष्ट पत्रकात सापडणार नाही. ती वाटणी बाहेर चांगला वारा आहे असं धरून केलेली असते. माळव्याच्या पठारावर मे महिन्यात वारा असतोही, पण या खिडकीसमोर बारा-पंधरा फुटांवर दुसरी इमारत उभी आहे. ऊन वरून येतं, वारा येत नाही. बाहेरची हवा पडली की शोषलेल्यातला चाळीस टक्क्यांपर्यंत भाग आत वळू शकतो. मग या फिल्मचा एसएचजीसी ०.३४ + ०.४ × ०.५९, म्हणजे ०.५७ च्या पुढे जातो. शोषून काम करणाऱ्या फिल्मला हा फटका जास्त बसतो. परावर्तन करणारीला कमी, कारण जे परत फेकलं त्याचा वाऱ्याशी संबंध उरत नाही.

तापलेली काचही इथूनच कळते. चारच्या सुमारास या खिडकीवर चौरस मीटरला ६०० वॉट धरले, तर ५९ टक्के शोषण म्हणजे साडेतीनशे वॉट काचेतच जिरतात. हिशेबानं काच भोवतालच्या हवेपेक्षा १२ ते १८ अंशांनी वर जाते. हवा ४० ची असली की काच पन्नाशी ओलांडते. नुसती काच ऊर्जेचा बारा-पंधरा टक्के भागच शोषते, ती तीन-चार अंशांवर थांबते. काकूंचा हात बरोबरच सांगत होता.

तड्याचं निदान करायला पल्ला उतरवून काच चौकटीच्या रबरातून बाहेर काढली. तडा एकच होता. वरच्या कडेपासून काटकोनात निघालेला, पहिले दीड-दोन इंच सरळ आणि मग नागमोडी खाली गेलेला. दगड लागला असता तर लागल्या जागेपासून चांदणीसारख्या रेषा फुटल्या असत्या. कडेपासून काटकोनात एकटा निघालेला तडा उष्णतेच्या ताणाचा असतो. तो जिथून निघाला तिथे, रबराखाली झाकलेल्या कडेला, तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडालेला होता. काच कापताना किंवा बसवताना कधीतरी उडाला असणार. बिनफिल्मच्या काचेनं तो वर्षानुवर्षं सोसला असता.

ताण कशानं आला तेही दिसत होतं. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात इंदूरला सव्वाचारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून ३५ अंशांवर असतो. दोन फुटी छज्जाची सावली तेव्हा खिडकीवर साधारण ४३ सेंटीमीटर, म्हणजे दीड फुटाला थोडी कमी, उतरते. एप्रिलच्या मध्यालाही चित्र फारसं वेगळं नसतं. वरचा सव्वा फूट सावलीत, खालचे तीन-साडेतीन फूट भर उन्हात. कडा ॲल्युमिनियमच्या खाचेत, म्हणून थंड. मागे दोन बोटांवर जाड पडदा, मधली हवा कोंडलेली. भरीला काकू दुपारी एक पल्ला दुसऱ्यावर सरकवून ठेवायच्या, म्हणजे फिल्मच्या दोन तापलेल्या काचा एकमेकींच्या पाठीला. मधला भाग पसरू बघतो, थंड कड पसरू देत नाही, आणि कडेवर ओढ बसते. मधलं आणि कडेचं तापमान तीस-चाळीस अंशांनी दुरावलं की साधी काच धोक्यात येते. कडेला टवका असला तर त्याच्याही आधी. टफन काच, म्हणजे भट्टीत तापवून झटकन गार करून मजबूत केलेली, यापेक्षा कितीतरी जास्त फरक सहज पचवते. म्हणूनच फिल्म बनवणारे कुठल्या काचेवर कुठली फिल्म चालेल याचा तक्ता देतात, आणि त्यात फिल्मचं शोषण, काचेची जाडी-जात, सावली आणि आतला पडदा, चारही बघावे लागतात. फेब्रुवारीत तो कुणी उघडला नव्हता.

मग बदल्यात काय लावायचं? दोन पत्रकं समोर होती.

पहिली, चंदेरी आरशासारखी: व्हीएलटी १७, सौर आरपार १२, परावर्तन ५२, शोषण ३६. टीएसईआर ७८, एसएचजीसी ०.२२. दुसरी, दुहेरी परावर्तनाची, बाहेरून चकचकीत आणि आतून मंद: व्हीएलटी ३५, सौर आरपार २५, परावर्तन ३०, शोषण ४५. टीएसईआर ६३, एसएचजीसी ०.३७.

वॉटमध्ये मांडलं की निवड सोपी होते. ३.२ चौरस मीटरवर ६०० वॉट म्हणजे १९२० वॉट. नुसत्या काचेतून १६१० आत, लावलेल्या फिल्मनं ९६०, दुहेरीनं ७१०, चंदेरीनं ४२०. ९७ टक्क्यांची गोष्ट खरी असती तर साठही आले नसते. एक टनाचा एसी ३५०० वॉट उष्णता उचलतो, म्हणजे बिनफिल्मची खिडकी चारच्या उन्हात जवळजवळ अर्धा टन खात होती.

नुसत्या उष्णतेवर गेलं तर चंदेरी फिल्म सरळ जिंकते. गोदाम किंवा जिन्याची खिडकी असती तर तीच लावायला हवी होती. इथे ती बाद झाली ती दोन कारणांनी. काका खिडकीशी बसून पेपर वाचतात, आणि १७ टक्के व्हीएलटीत पावसाळ्याचे चार महिने दिवसाही दिवा लावावा लागला असता. शिवाय परावर्तन बाहेर किती आणि आत किती, हे पत्रकात वेगवेगळं दिलेलं असतं. चंदेरी फिल्म आतूनही तेवढीच चमकते. रात्री आत दिवा लागला की खिडकीचा आरसा होतो आणि बाहेरच्याला घर उघडं दिसतं. ‘दिवसा बाहेरचा बघू शकत नाही’ ही सोय उजेड कुठल्या बाजूला आहे त्यावर असते, फिल्मवर नाही, हे विकताना कुणी सांगत नाही. दुहेरी फिल्मचं आतलं परावर्तन १८ होतं, ते चालण्यासारखं. चकाकी कमी होण्याचा आकडाही पत्रकात असतो. तो व्हीएलटीवरूनच निघतो: काचेचे ८९ वजा ३५, भागिले ८९, म्हणजे ६१ टक्के. नवीन माहिती त्यात काही नाही. ९९ टक्के अतिनील रोखण्याचा आकडा तर तिन्ही पत्रकांत होता, त्यामुळे निवडीला त्याचा उपयोग शून्य. त्याचा अर्थ सोफा विटणार नाही असाही होत नाही, कारण उजेड आणि उष्णताही रंग उडवतात.

काकांची एक शंका रास्त होती: काळ्या फिल्मला बंदी आहे ना? २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश गाड्यांच्या काचांबद्दल होता. घराच्या खिडकीला तो लागू नाही.

दुहेरी फिल्म ठरली आणि शोषण ५९ वरून ४५ वर आलं, त्यामुळे काचेचा प्रश्नही हलका झाला. फुटलेल्या जागी ५ मिलिमीटरचीच टफन काच मागवली. वजन तेवढंच, सुमारे २० किलो, म्हणून खालची चाकं बदलावी लागली नाहीत. टफन काच नंतर कापता येत नाही, म्हणून माप चौकटीच्या खाचेतून तीन जागी घेऊन सगळ्यात लहान आकडा दिला. उजव्या काचेच्या चारही कडा रबर काढून, नखानं चाचपून आणि टॉर्च धरून तपासल्या. टवका नव्हता, आणि तक्त्यानुसार साध्या काचेवर ही फिल्म बसत होती. ती काच तशीच ठेवली. एक तोटा आधीच सांगून ठेवला: टफन काचेत भट्टीतल्या रुळांची बारीक लाट असते. चकचकीत फिल्म लावली की बाहेरून त्या काचेतलं प्रतिबिंब किंचित हलल्यासारखं दिसतं, शेजारच्या काचेत दिसत नाही.

उजव्या काचेवरची जुनी फिल्म काढायला साबणाचं पाणी मारून वर काळं प्लास्टिक चिकटवलं आणि पल्ला तासभर उन्हात ठेवला. मग कोपऱ्यापासून, फिल्म स्वतःवरच दुमडत, सावकाश ओढली. झटका दिला की फिल्म निघते आणि गोंद काचेवरच राहतो. उरलेला गोंद नव्या पात्याच्या स्क्रेपरनं, काच सतत ओली ठेवून, एकाच दिशेनं ढकलत काढला. पातं मागे ओढलं की त्याखाली अडकलेला कण रेघ मारतो. टफन काचेवर पातं शक्यतो लावूच नये. भट्टीतले बारीक कण तिच्या अंगावर चिकटलेले असतात आणि पात्याखाली येऊन ओरखडे उठतात. तिथे स्पंज आणि कापडावर भागवलं.

रोल पाच फूट, म्हणजे ६० इंच रुंद. काचेची ५४ इंचाची बाजू रोलच्या रुंदीत घेतली तर ४८ इंचाचा एक, असे दोन तुकडे, एकूण आठ फूट लांबी, ४० चौरस फूट. ४६ ची बाजू रुंदीत घेतली असती तर पावणेसत्तेचाळीस चौरस फुटांचं बिल झालं असतं. मोजमाप फिल्मवाल्यावर सोडलं की हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही तुकडे एकाच दिशेनं कापले, नाहीतर काही फिल्मची छटा आडव्या-उभ्यात वेगळी दिसते.

काम सकाळी सातला केलं. मेच्या दुपारी माळव्यात धूळ उडते, आणि काच तापलेली असली की पाणी लगेच सुकून फिल्म मनाविरुद्ध चिकटते. पंखा बंद. गाळलेलं पाणी, लिटरला बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब. लाइनर, म्हणजे गोंदावरचा पापुद्रा, काढताना गोंदाच्या बाजूवरही फवारा. मधून कडेकडे स्क्वीजी, म्हणजे पाणी ढकलायची रबरी पट्टी, आणि चारही बाजूंना दीड ते दोन मिलिमीटर मोकळी जागा. फिल्म रबराला टेकली की तिथूनच उचलली जाते. पहिले काही दिवस धुरकट ठिपके दिसले, ते कोंडलेल्या पाण्याचे. महिनाभरात जातात, सुई टोचायची नाही. तोवर काच पुसायची नाही, आणि नंतरही अमोनियाचा क्लीनर नाही.

लावण्याआधी रोलच्या खोक्यावरचा कोड पत्रकाशी ताडला आणि लावल्यावर व्हीएलटी मीटर धरला. ३४ आला. सौर मीटरचा आकडा मुद्दाम नोंदवला नाही. हातातले बहुतेक मीटर ११०० नॅनोमीटरपलीकडे बघत नाहीत आणि शोषून आत सोडलेली उष्णता त्यांना दिसत नाही, त्यामुळे जुनी फिल्मही त्यावर छान दिसली असती.

पडद्याचा दांडा सहा इंच आत घेतला, खाली-वर हवा खेळेल अशी फट ठेवली. पल्ले दुपारी एकावर एक ठेवायचे नाहीत हे ठरलं. बाहेरून वाळ्याची ताटी किंवा बांबूचा चिक सोडता आला असता तर कुठल्याही फिल्मपेक्षा सरस ठरला असता, कारण उष्णता काचेपर्यंत पोचलीच नसती. पण सोसायटीनं बाहेर काही टांगायला मनाई केलेली. रात्री नऊला हॉल गरम वाटतो ही काकूंची उरलेली तक्रार मात्र खिडकीची नव्हे. नऊ इंची पश्चिम भिंत दुपारचं ऊन रात्री परत देते. तिला फिल्म लागत नाही.

काकूंना हीच फिल्म बेडरूमच्या दक्षिण खिडकीलाही हवी होती. तिथे ती लावली नाही. उज्जैनच्या थोडं पुढून कर्कवृत्त जातं. जूनमध्ये दुपारी इंदूरला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि दक्षिण भिंतीवर सरळ ऊन पडतच नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातही दुपारी तिथल्या दोन फुटी छज्जाची सावली साडेचार फूट उतरते, चार फुटी खिडकी अख्खी झाकली जाते. डिसेंबरात सूर्य ४४ अंशांपर्यंतच चढतो, सावली दोन फुटांवर थांबते आणि खालच्या अर्ध्या काचेतून पलंगावर ऊन येतं. थंडीत काका तिथेच बसतात.